कास्ट आयर्न बुलेट आजच्या पेट्रोलवर: आधी मिश्रण, मग टायमिंग

घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस दिली की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज इंजिनातून येतो. बहुतेक ठिकाणी त्यावर एकच इलाज होतो: टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायची. आवाज थांबतो हे खरं. पण थोड्याच दिवसांत बेंड पाइप निळा पडतो, पिकअप जातो, ॲव्हरेज घसरतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजू लागतो. आवाजाचं कारण टायमिंग नव्हतंच, तर ते मागे घेऊन काय साधणार?

हे मार्गदर्शन पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारी संपर्काची जोडी) आणि मिककार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटर असलेल्या, कास्ट आयर्न म्हणजे ओतीव लोखंडी सिलिंडरच्या जुन्या ३५० बुलेटसाठी आहे (बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी). पॉइंट असलेल्या इतर चार-स्ट्रोक गाड्यांनाही तत्त्व तेच लागू पडतं, आकडे मात्र त्या त्या मॅन्युअलमधून घ्यावे लागतील.

टाकीत नेमकं काय आहे

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढत असताना, प्लगची ज्योत पोचण्याआधीच आपणहून पेट न घेण्याची त्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ज्योत पुढे सरकत असताना कोपऱ्यात उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण एकदम भडकलं, की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनवर आदळतात. तीच ती खडखड.

आपल्याकडे पंपावरचा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीचा असतो. अमेरिकेतल्या पंपावर किंवा तिकडच्या मॅन्युअलमध्ये ८७ दिसलं, तर ते आपल्या ९१ च्या आसपासचं समजावं. ती मोजणी वेगळी आहे. भारतात पूर्वी साधं पेट्रोल ८८ आरओएनचं होतं, नंतर ९१ चं आलं, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या ई२० चा आकडा ९५ सांगितला जातो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. एक्सपी १०० सारखं १०० ऑक्टेनचं पेट्रोलही काही शहरांत मिळतं.

आता कास्ट आयर्न ३५० चं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, बघा. ते साडेसहा ते सव्वासातच्या घरात आहे. जी गाडी ८८ वर सुखाने चालत होती, तिला ९५ वर ऑक्टेन कमी पडण्याचं कारण नाही. तरीही ती खडखडत असेल, तर एकतर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय, किंवा आत कार्बन साचलाय, किंवा टायमिंग मुळातच पुढे आहे, किंवा पेट्रोल भेसळीचं आहे. शोधही याच क्रमाने घ्यावा. अशा गाडीत १०० ऑक्टेनचं पेट्रोल ओतणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मिश्रण पातळ का होतं? शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने १ भागास साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे ई२० ला सुमारे १३.५ भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास ९ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत. जेटच्या भोकातून जेवढं जातं तेवढंच जातं. पूर्वीच्या पेट्रोलवर बेताचं बसवलेलं जेट आज कमी पडतं, इंजिन तापतं आणि तापलेलं इंजिन खडखडतं.

इथेनॉल किती आहे हे घरी मोजता येतं. १०० मिलीचं काचेचं मापन-नळकांडं घ्या. त्यात १० मिली पाणी आणि वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल घाला. तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो २८ च्या आसपास आला तर पेट्रोल ई२०, १९ आला तर ई१०. हे काम मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट, शेगडी आणि ठिणगी दूर ठेवून करा. ते पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नका.

भेसळीचा संशय असेल तर पंपावर घनतेची तपासणी आणि फिल्टर पेपरची चाचणी मागा. ग्राहकाला तो हक्क आहे. रॉकेल मिसळलेलं असेल तर ऑक्टेन झपाट्याने खाली येतं आणि तिथे कोणतंही ट्यूनिंग उपयोगी पडत नाही. टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरणं हाच उपाय.

हात लावण्याआधी

गाडी थंड असताना सुरुवात करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून टॅपेट तपासा: पुशरॉड बोटांनी मोकळा फिरावा, पण वर-खाली अजिबात हलू नये. एअर फिल्टर साफ, ऑइल योग्य पातळीवर. ऑइल पिणाऱ्या इंजिनात हे जास्त महत्त्वाचं, कारण ज्वलनकक्षात शिरलेलं ऑइल पेट्रोलचं ऑक्टेन खाली खेचतं आणि वर कार्बनही साचवतं.

इंजिन सुरू करून मॅनिफोल्डच्या जोडावर स्प्रे बाटलीने थोडं पाणी मारा. आयडलिंग बदललं तर तिथून हवा शिरतेय. गॅस्केट बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. कार्ब्युरेटरचा फ्लँज घट्ट आवळून वाकलेला असणं ही या गाडीची जुनी खोड आहे. तो काचेवर ठेवून बघावा. फट दिसली तर बारीक पॉलिश पेपर काचेवर पसरून, फ्लँज त्यावर घासून सपाट करावा.

प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्याच हीट रेंजचा हवा. इथे एक गफलत फार होते: एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड प्लग, तर बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त गरम. दुकानात “हाच चालेल” म्हणून हातात ठेवलेला गरम प्लग स्वतःच लाल होऊन मिश्रण पेटवतो. चावी बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहिलं तर हा संशय घ्यावा, किंवा पिस्टनच्या माथ्यावरच्या कार्बनचा. पन्नास हजार किलोमीटरमध्ये हेड कधी खोललंच नसेल तर ते खोलून माथा आणि कक्ष साफ करणं हे सगळ्या ट्यूनिंगहून जास्त फळ देतं. साचलेला कार्बन जागा खातो, म्हणजे कॉम्प्रेशन वाढवतो, आणि निखाऱ्यासारखा तापलेलाही राहतो.

मिश्रण

रेस किती उघडली आहे त्यावर कार्ब्युरेटरचा कोणता भाग काम करतो हे ठरतं. बंद ते एक अष्टमांशपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव भागापर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण नीडल, त्यापुढे मेन जेट. खडखड नेमकी कोणत्या टप्प्यात होते ते आधी ओळखा. त्यासाठी ॲक्सिलरेटरच्या ग्रिपवर आणि शेजारच्या पट्टीवर खुणेची चिकटपट्टी लावा. अंदाजाने “अर्धी रेस” म्हणणारा माणूस बहुधा पावच्या आसपास असतो.

मेन जेटपासून सुरुवात करा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण रेसने ओढा आणि रेस हळूच पाऊण भागापर्यंत कमी करा. गाडी कमी होण्याऐवजी जास्त ओढू लागली तर मेन जेट लहान आहे. उलट पूर्ण रेसला जड, घोगरी, अडखळत चालत असेल तर जेट मोठं आहे. गाडीत ९० असेल तर ९५ घालून बघा, मग १००. एकदम दोन पायऱ्या चढू नका. भोकाचा व्यास ४ टक्के वाढला तरी क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी वाढतं. म्हणूनच जेट सुईने किंवा तारेने “मोठं” करायचा मोह टाळा. त्यानंतर त्याच्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

मेन जेट बसल्यावर नीडल. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिश्रण गडद होतं. शहरात ४०-५० च्या वेगाने जाताना होणारी खडखड बहुतेक वेळा याच एका खाचेने जाते. शेवटी एअर स्क्रू: इंजिन गरम असताना पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा, मग आयडलिंग सर्वांत जास्त आणि स्थिर होईल तिथे ठेवा. या कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू हवा नियंत्रित करतो, पेट्रोल नव्हे, म्हणून बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. सर्वोत्तम जागा एका फेऱ्याच्याही आत येत असेल तर पायलट जेट एक आकडा मोठं हवं.

प्लग बघताना घाई करू नका. आजच्या पेट्रोलवर रंग हळू चढतो आणि पूर्वीसारखा गर्द तपकिरी येतही नाही. नवा प्लग घालून काही किलोमीटर एकाच रेसवर चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि मग प्लग काढा. पोर्सेलिनचं टोक पांढरट दिसलं म्हणून लगेच घाबरू नये. आत मुळाशी, जिथे पोर्सेलिन धातूला मिळतं, तिथे तपकिरी-राखी कडं असलं पाहिजे. तिथेही पांढरं स्वच्छ असेल किंवा टोकावर बारीक चमकदार ठिपके दिसले, तर तात्काळ थांबा. ते ठिपके पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं.

टायमिंग

मिश्रण जुळल्यानंतरच इथे या. खडखड आता गेलीच असेल तर फक्त तपासा, बदलू नका.

मूळ सेटिंग: ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी वजनं-स्प्रिंगची यंत्रणा) पूर्ण विश्रांतीत असताना, पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिमी खाली असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. क्रँकच्या अंशांत हे साधारण साडेनऊ अंश होतात. १ मिमी म्हणजे पावणेअकरा अंश, ०.५ मिमी म्हणजे साडेसात. बुलेटचं प्लगचं भोक तिरकं असल्यामुळे सायकलची तार घालून मोजलं तर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसतो आणि टायमिंग नकळत मागे राहतं. डिग्री डिस्क (अंशांच्या खुणा असलेली तबकडी) वापरणं चांगलं.

प्रायमरी केसमधलं ऑइल काढून घ्या, बाहेरचं झाकण मधल्या एकाच नटावर असतं ते काढा आणि क्रँकच्या टोकावर डिस्क बसवा. एका जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून काढा आणि त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवून थांबा तयार करा. तो भोकात घट्ट लावा. टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवत पिस्टन हळूच थांब्याला टेकवा, डिस्कवरचा आकडा टिपा. उलट बाजूने फिरवून पुन्हा टेकवा, दुसरा आकडा टिपा. दोघांच्या बरोबर मध्ये खरं वरचं टोक. थांबा काढायला विसरू नका.

आता पॉइंट. आधी त्यांची फट ०.३५ ते ०.४० मिमी करा, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. टायमिंग लावून झाल्यावर फट बदललीत तर सगळं पुन्हा करावं लागेल. पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा दिसला तर फिलर गेज खोटी फट दाखवतो, पॉइंट बदला. ऑटो ॲडव्हान्सचं कॅम बोटांनी फिरवून सोडा, ते झटकन जागेवर यायला हवं. वजनं गंजून अडकलेली किंवा स्प्रिंग ढिली असेल तर कमी आरपीएमलाच टायमिंग पुढे राहतं आणि चढावरची खडखड नेमकी तीच असते.

डिस्कवर पाहत इंजिन साडेनऊ अंशांच्या बरंच मागे न्या आणि चालण्याच्या दिशेने पुढे आणा, म्हणजे गिअरमधली ढिलाई एका बाजूला जाते. चावी चालू करा. पॉइंटचं टर्मिनल आणि अर्थ यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडला की पॉइंट उघडताच तो लागतो. बल्ब नसला तर हेडलाइटजवळचा ॲमीटर बघा: पॉइंट जुळलेले असताना काटा वजाकडे असतो, उघडले की मध्ये येतो. किक मारण्याआधी बुलेटवाले जो काटा बघतात तोच इथे कामाला येतो. पॉइंटमध्ये पातळ कागद धरून तो सुटतो कधी हे बघण्याची जुनी रीतही चालते, फक्त नंतर कागदाचे धागे पुसून घ्या. चावी चालू ठेवून पॉइंट जुळलेले फार वेळ ठेवू नका, कॉइल तापते.

पॉइंट लवकर उघडत असतील तर ते ज्यावर बसवलेले असतात ती बॉडी कॅमच्या फिरण्याच्या दिशेने सरकवा, उशिरा उघडत असतील तर उलट दिशेने. हे कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतं, म्हणून बॉडीचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. ६० मिमी व्यासाच्या बॉडीच्या कडेला १ अंश म्हणजे फक्त अर्धा मिमी. म्हणूनच “थोडं फिरवलं” म्हणता म्हणता टायमिंग पाच अंश सरकतं. आधी पत्र्याच्या टोकाने बॉडीवर आणि केसवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवा.

मग घाट. कात्रज, खंबाटकी, कसारा, जो जवळ असेल तो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरला ३०-३५ च्या वेगावरून पूर्ण रेस द्या. क्षणभर अगदी हलकी टकटक येऊन गेली तर चालेल. पाच सेकंदांच्या वर टिकली तर रेस सोडा आणि टायमिंग क्रँकच्या १ अंशाने मागे घ्या. पुन्हा तीच चढण, तोच वेग. एका वेळी एकच बदल. पुस्तकी आकड्यापासून ३ अंशांहून जास्त मागे जावं लागत असेल तर थांबा. दोष दुसरीकडे आहे आणि टायमिंग तो फक्त झाकतंय.

किक उलटी मारत असेल तर टायमिंग पुढे आहे, आवाज असो वा नसो. त्यात घोटा मोडतो, त्यामुळे हे लक्षण कधी दुर्लक्षू नका.

चाचणी कुठे केली यानेही फरक पडतो. उंचीवर हवा विरळ, सिलिंडरमधला दाब कमी, त्यामुळे ऑक्टेनची गरजही कमी. महाबळेश्वरात शांत चालणारी गाडी उतरून चिपळूणला आल्यावर, किंवा मे महिन्यात नागपूरच्या उन्हात, खडखडू शकते. म्हणून शेवटचं टायमिंग तुम्ही चालवता त्यातल्या सर्वांत सखल आणि सर्वांत गरम ठिकाणावर ठरवा.

कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर

हेड घासून किंवा वेगळा पिस्टन घालून कॉम्प्रेशन वाढवलेल्या गाड्यांना मात्र ऑक्टेन खरोखर लागतं. किती वाढलं ते मोजा: पिस्टन वरच्या टोकाला, व्हॉल्व्ह बंद, आणि सिरिंजने पातळ ऑइल भरून कक्षाचं आकारमान घ्या. ३४६ मध्ये ते मिळवून त्यानेच भागा. ५५ सीसी आलं तर कॉम्प्रेशन ७.३, ४६ आलं तर ८.५, ४३ आलं तर ९. कास्ट आयर्नचं सिलिंडर उष्णता सावकाश सोडतं. त्यावर आठच्या पलीकडे जाऊ नये असं आमचं ठाम मत आहे. गेलाच असाल तर ९५ च्या खाली येऊ नका आणि टायमिंगची सुरुवात ०.५ मिमीपासून करा. डबीतल्या ऑक्टेन बूस्टरवर विसंबू नका. त्यातले काही प्लगवर लालसर थर चढवतात आणि तो थर ठिणगी पळवतो.

नंतर आलेल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनाच्या बुलेटमध्ये कॉम्प्रेशन ८.५ आहे आणि टायमिंग इलेक्ट्रॉनिक आहे, ते हाताने बदलत नाही. तिथे मिश्रण (कार्ब्युरेटर असेल तर) आणि कार्बन एवढंच तुमच्या हातात. नॉक सेन्सर (खडखड ओळखणारा सेन्सर) असलेल्या आजच्या कारमध्ये कंपनीने ९१ सांगितलं असेल तर १०० भरून काही पदरात पडत नाही. टर्बो पेट्रोलला ९५ सांगितलं असेल तर ते पाळा, नाहीतर संगणक टायमिंग मागे ओढतो आणि ताकद गुपचूप जाते. दोन-स्ट्रोकवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की ऑइल जास्त घातलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि ऑक्टेनही उतरतं. जळण्याच्या भीतीने घातलेलं जास्तीचं ऑइलच पिस्टन जाम करू शकतं.

नंतरची काळजी

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा आणि फ्लोटची वाटी रिकामी करा. अर्ध्या टाकीत ओल धरते. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर खाली बसतं. कॉकमधून आधी तेच पाणी कार्ब्युरेटरमध्ये जातं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन इथेनॉल गेल्यामुळे घटलेलं असतं. चार महिने उभी असलेली गाडी पहिल्याच चढाला खडखडली तर टायमिंगला हात न लावता टाकी उपसा. पेट्रोलचा जुना रबरी पाइप आणि फ्लोटच्या नीडलचं रबर फुगलंय का, हेही तेव्हाच बघा. नीडल अडकली की पातळी खाली येते आणि मिश्रण पुन्हा पातळ.

नवे पॉइंट घातले असतील तर ५०० किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजा. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे जातं. कॅमवर ग्रीसचा पुसट हात लावलेला असावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि ते जळतात.